पॅरिसचा मांजरपाट

फॅशन या विषयावर मी आयुष्यात एकदाच जाहीर भाषण केले, आणि त्याला मला दुसरे बक्षीस मिळाले. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता 'फॅशन : एक नागरी रोग'. त्या रोगाची लक्षणे, कारणे आणि उपाय मी अशा काही आवेशाने सांगितले की परीक्षकांनी माना डोलावल्या. अंगात पांढरा सदरा होता. तो अक्काने आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून शिवला होता. अक्का स्वतः शेवटच्या रांगेत बसून भाषण ऐकत होती. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, "कॉलर मागे सरकत होती रे. बोलताना मान फार हलवतोस तू."

आठवडाभर ऱ्हस्व-दीर्घाचे रडगाणे गाणारा हा मास्तर ऐन दिवाळीच्या फराळाला फॅशन कशाला घेऊन आला, असे या पानाच्या नेहमीच्या वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की यंदाच्या मे महिन्यात मी अक्काबरोबर दोन दिवस पॅरिसला जाऊन आलो. आणि गेलो होतो ते निव्वळ कपडे पाहायला.

अक्काची मुलगी ब्रुसेल्सला नोकरी करते. सुट्टीत आम्ही दोघे बहीण-भाऊ तिच्याकडे गेलो होतो. तिथून पॅरिस आगगाडीने दीड तासाच्या आत येते; म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला लोकलने जावे तसे. भाचीने परस्पर तिकिटे काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, शनिवार-रविवार आईला घेऊन जा. मी आले की ती माझ्याकडे बघत बसते. तुझ्याबरोबर आली तर पॅरिस बघेल."

शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसल्यावर अक्काने पिशवीतून दशम्या काढल्या, चटणीची पुडी काढली आणि शेवटी एक वही काढली. वहीत पाहायच्या जागांची यादी होती. तिच्यात आयफेल टॉवर नव्हता.

"तो काय, लांबूनही दिसतो," अक्का म्हणाली.

ही यादी एका दिवसात झालेली नव्हती. अक्काचे पॅरिस रद्दीच्या दुकानातून आलेले होते. आमच्या लहानपणी परदेशी शिवणाची जुनी मासिके रद्दीत मिळत. 'बुर्डा' नावाचे एक जर्मन मासिक असे. त्याच्या पोटात घडी घातलेला एक मोठा कागद निघे आणि त्यावर कपडे बेतायच्या रेघा एकमेकींवरून अशा गेलेल्या असत की एखाद्याला तो रेल्वेचा नकाशा वाटावा. जर्मनचे अक्षर न कळता अक्का त्यातून नेमकी बाही शोधून काढी. ब्लाउज शिवून दमली की ती त्या मासिकांतली चित्रे पाही. आम्ही घरचे लोक त्याला 'अक्काची हौस' म्हणत असू. हौस हा शब्द मोठा मजेदार आहे. मूळचा तो अरबी 'हवस'. हिंदी-उर्दूत तो पार बदनाम झाला. मराठीत मात्र सोवळे नेसून घरात वावरतो. पण आपण तो कोणाविषयी वापरतो ते पाहा. पुरुषाला व्यासंग असतो, बाईला हौस असते.

शनिवारी सकाळी आम्ही आव्हेन्यू माँतेनवर होतो. दुतर्फा झाडे, फिकट दगडाच्या देखण्या इमारती, आणि एकेका काचेमागे एकेक पोशाख, शेजारी कशाचीही गर्दी नाही. आपल्या लक्ष्मी रस्त्यावर दुकानदार सगळे दुकान काचेत आणून टांगतो. इथे एवढ्या मोठ्या खिडकीत एक झगा! किंमत कुठेच लिहिलेली नव्हती, आणि ज्याला विचारावीशी वाटते त्याने आत यायचे नसते, हे दारावरच्या काळ्या सुटातल्या माणसाच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. मी आपला चार पावले मागे उभा राहिलो. अक्काने सरळ काचेला कपाळ टेकवले. ती समोरून बघतच नव्हती. मान वाकडी करून, बगलेखालून, काठाच्या आतून काही दिसते का ते पाहत होती.

"काय बघतेस?"

"आतली शिवण. वरून काय, सगळेच चांगले दिसतात."

तीस क्रमांकाच्या इमारतीपाशी ती बराच वेळ थांबली. क्रिस्तियां दिओरने 12 फेब्रुवारी 1947 रोजी आपले पहिले कपडे इथे दाखवले. आवळलेली कंबर आणि खाली घोटे झाकू पाहणारा भरघोस घोळ. अमेरिकन संपादिकेने त्याला 'न्यू लुक' म्हटले आणि तेच नाव जगभर झाले. महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती, कापडाची टंचाई होती, आणि हा गृहस्थ एका घागऱ्यात वारच्या वार कापड घालतो, म्हणून लोक चिडले. त्याच वर्षी मोंमार्त्रमधल्या रू लेपिकच्या बाजारात असले कपडे घालून छायाचित्रे काढायला आलेल्या तरुणीला बाजारातल्या बायकांनी धरले आणि तिचे कपडे ओढून फाडले. मी हे सगळे गाडीत वाचून ठेवले होते, तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितले. अक्का म्हणाली, "नऊ वार तर आपली आजी रोज नेसायची. तिला कोणी नाही मारलं."

मग ती पुढे चालू लागली आणि पन्नास क्रमांकाशी थांबली. इथे मादलेन व्हिओने या बाईचे कपड्यांचे घर होते. दिओरचे नाव आपल्याकडे अत्तराच्या बाटलीमुळे तरी माहीत असते. व्हिओनेचे कोणाला नसते. मलाही नव्हते. तेव्हा पुढची माहिती अक्काची. बाई 1876 साली एका गरीब घरात जन्मल्या. अकराव्या-बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि शिवणकामाला लागल्या. 1912 साली स्वतःचे दुकान काढले, 1923 साली ते या रस्त्यावर आणले. पुढे हजाराहून अधिक माणसे त्यांच्याकडे कामाला होती. काम करणाऱ्या मुलींना पगारी रजा होती आणि आवारातच दवाखाना होता. बाई कागदावर चित्र काढीत नसत. एका लहानशा लाकडी बाहुलीच्या अंगावर कापड टाकून, टाचण्या लावून कपडा घडवीत आणि मग तो माणसाच्या मापाचा करीत. नक्कल होऊ नये म्हणून आत शिवायच्या पट्टीवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवीत.

"पण खरं काम उरेबचं," अक्का म्हणाली. "तुझा रुमाल दे."

भर रस्त्यात तिने माझा हातरुमाल दोन हातांत धरला आणि सरळ ओढला. रुमाल जिथल्या तिथे राहिला. मग तिने तो कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरून ओढला. रुमाल रबरासारखा लांबला आणि सोडल्यावर परत आला. "बघ. उभ्या धाग्यावर कापड ताठ, आडव्यावरही ताठ. तिरकं धरलं की ऐकतं. आपण उरेब पट्टी नुसती गळ्याला लावतो. या बाईनं अख्खा झगा उरेब बेतला. मग आत काड्या नकोत, कंबर आवळायला नको. कापडच अंगावरून पाण्यासारखं उतरतं."

बेतणे! वर्गात मी 'बेत' या शब्दावर पाव तास बोलू शकतो. कापड कापण्याआधी मनातल्या मनात पूर्ण कपडा पाहणे, ते बेतणे. पण त्या क्षणी मला भाषाशास्त्र सुचले नाही, कारण अक्का रुमालाची घडी करीत करीत अगदी सहज म्हणाली, "मलाही हे शिकायचं होतं. मुंबईला जागा मिळाली होती."

आता इथे मला एक कबुली द्यावी लागणार आहे. वडिलांचा छापखाना 1990 साली बंद पडला. खिळ्यांचे दिवस संपले होते आणि ऑफसेटचे यंत्र घ्यायला पैसा नव्हता. अक्का बावीस वर्षांची होती, मी चौदा. त्याच उन्हाळ्यात मुंबईहून एक पत्र आले. ड्रेसमेकिंगच्या पदविकेला प्रवेश मिळाल्याचे ते पत्र होते, वसतिगृहासकट. पोस्टमनच्या हातून ते मीच घेतले आणि इंग्रजी वाचता येते हे दाखवायला मोठ्याने वाचलेही. आठ दिवसांनी अक्काने आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. माझी शाळा, माझे कॉलेज आणि माझी एम.ए.ची फी त्या मशीनच्या पायट्यातून निघाली. पुढे कधीतरी घरात असे म्हणायची पद्धत पडली की अक्काला शिक्षणाची गोडी नव्हती. कोणी सुरू केली कोण जाणे. पण गेल्या वर्षी कॉलेजात माझा छोटासा सत्कार झाला, तेव्हा माइकसमोर उभा राहून मीही म्हणालो, "माझ्या बहिणीला स्वतःला शिक्षणाची फारशी आवड नव्हती, पण तिने मला शिकवले." टाळ्या पडल्या. पत्र मोठ्याने वाचणारा तो मुलगा त्या वेळी माझ्या आत कुठे लपून बसला होता?

आव्हेन्यू माँतेनवर मला काहीतरी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "कॉफी घेऊ या का?"

"इथं? या रस्त्यावर? वेड लागलंय का तुला?" अक्का म्हणाली, आणि आम्ही मेट्रोचा जिना उतरलो.

दुपारी आम्ही मोंमार्त्रच्या टेकडीखाली मार्शे सँ-पिएर नावाच्या भागात गेलो. वर साक्रे-करचे पांढरे देऊळ, त्याच्या पायऱ्यांवर जगभरचे प्रवासी, आणि खाली गल्ल्याच्या गल्ल्या कापडाच्या. सकाळचे पॅरिस काचेमागचे होते. हे हातात घेऊन पाहायचे. मोठ्या दुकानाचे मजल्यावर मजले, जुन्या लाकडी जमिनी, टेबलांवर ताग्यांचे डोंगर, आणि लाकडी मीटर हातात घेऊन उभे असलेले विक्रेते. आपल्या बोहरी आळीतून आलेल्या माणसाला इथे परके वाटायचे कारणच नाही. पलीकडच्या एका दुकानात हातभर उंचीच्या पुतळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या अंगावर शेजारच्या ताग्याचा छोटा पोशाख घातलेला होता. हे कापड शिवल्यावर कसे पडेल ते गिऱ्हाइकाला कळावे म्हणून. अक्काने एकीच्या झग्याचा काठ हळूच उलटून पाहिला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला आतली शिवण दिसली. "दुमड छान घातली आहे," असे प्रशस्तिपत्र तिने दिले.

मग तिला एक राखी रंगाचे लोकरी क्रेप दिसले. इथे तीन-तीन मीटरचे तुकडे आधीच कापून ठेवलेले असतात, त्यांतला तो एक होता. अक्काने त्याचा कोपरा चुरगळून मुठीत धरला, सोडला, किनार पाहिली, एक धागा ओढला, उजेडापाशी नेले. विक्रेती साठीची बाई होती, गळ्यात मापाची फीत. ती काही न बोलता अक्काच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने कापडाचा दुसरा कोपरा धरला आणि दोघींनी ते तिरके ओढले. कापडाने दोघींचे ऐकले. बाई फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, अक्का मराठीत म्हणाली, "हो ना, पण अस्तर लागेल." बाईने मान हलवली आणि अस्तराच्या टेबलाकडे बोट केले. हे संभाषण कसे झाले ते मला भाषेचा प्राध्यापक म्हणून अजून उलगडलेले नाही.

"कोणासाठी घेतेस?" मी विचारले. भाचीसाठी असेल, नाहीतर सुनेसाठी म्हणजे माझ्या बायकोसाठी.

"माझ्यासाठी."

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात अक्काने स्वतःसाठी नवे कापड बेतले असेल तर ते मला माहीत नाही. तिचे ब्लाउज गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचे असत. ती ते इतक्या बेमालूमपणे जोडी की लोकांना ती फॅशन वाटे आणि तसेच शिवून मागत.

संध्याकाळी एका साध्या उपाहारगृहाबाहेर बसून आम्ही शेवटी ती कॉफी घेतली. शनिवारची गर्दी वाहत होती. इथे मला एक गोष्ट सांगता आली, आणि ती खरोखरच अक्काला ठाऊक नव्हती. 1917 सालच्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असताना, पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींनी संप केला. रस्त्यांतून मिरवणुका काढल्या. त्यांची मागणी होती की शनिवारी दुपारनंतर सुट्टी हवी आणि तिचा पगार कापता कामा नये. महिनाभरात, 11 जून 1917 रोजी, कायदा झाला आणि कपड्यांच्या धंद्यातल्या बायकांना शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली. आज आपण 'वीकएंड' म्हणून ज्या गोष्टीला डोक्यावर घेऊन नाचतो, ती फ्रान्समध्ये पहिल्यांदा कायद्याने पदरात पाडून घेणाऱ्यांत या शिंपिणी होत्या.

अक्का ऐकत होती. "शनिवारीच तर जास्त काम असायचं," ती म्हणाली. "रविवारची लग्नं."

रविवारी दिओरचे संग्रहालय. ते 2022 साली उघडले आणि त्या तीस क्रमांकाच्या इमारतीलाच लागून आहे. तिकीट आधी काढावे लागते, तेही भाचीने काढलेले होते. शिरल्याबरोबर एक गोल जिना आणि त्याच्या भिंतीभर रंगांच्या क्रमाने मांडलेले शेकडो छोटे झगे, बूट, टोप्या. लोक तिथेच फोन काढून उभे राहतात. अक्का सरळ वर गेली. पुढच्या दालनांचे वर्णन मी करीत नाही; रेशीम, मोती, पिसे यांची नावे मराठीत सांगता सांगता मी थकेन आणि तुम्हीही थकाल. पण एका खोलीत आम्ही दोघेही थबकलो. जमिनीपासून थेट छतापर्यंत, रांगेवर रांग, सगळे पांढरे. झगे, कोट, घागरे, एकावरही रंग नाही, मणी नाही. प्रत्येक पोशाख आधी साध्या सुती कापडात शिवून पाहतात, त्यावर पेन्सिलीने खुणा करतात, उसवतात, पुन्हा शिवतात, आणि मनासारखे झाले की मगच रेशमाला कात्री लावतात. ते हे कच्चे नमुने.

अक्का हळू आवाजात म्हणाली, "अरे, हा तर मांजरपाट!"

अगदी मांजरपाट. पॅरिसच्या या वरच्या दर्जाच्या शिवणाला फ्रेंच लोक 'ओत कुत्यूर' म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच, उच्च शिवण. 1945 सालापासून ते शब्द कायद्याने राखलेले आहेत, वाटेल त्या दुकानाला ते पाटीवर लावता येत नाहीत. आणि त्या उच्च शिवणाची सुरुवात आमच्या घरी ज्याचे गाळणे आणि उशीचे आतले अभ्रे होत त्या कापडात! अक्का त्या खोलीत अर्धा तास होती. इथे आतली शिवण लपवायचा कोणी प्रयत्नच केलेला नव्हता. टाके, खुणा, चुका, सगळे उघडे. ती बोटांनी हवेतच रेघा ओढीत होती आणि मी प्रथमच तिच्या मागे गप्प उभा राहिलो.

पुढच्या एका दालनात एक तरुण मुलगी चौकटीवर ताणलेल्या कापडावर भरतकाम करून दाखवीत होती. हातात लाकडी दांडीची आकडी सुई, खालून मणी ओवलेला दोरा, वरून टोचून साखळीचा टाका. अक्का चौकटीवर वाकली. "ही आरी आहे." तशीच आहे. साखळीटाक्याची ही आकडी सुई अठराव्या शतकात आपल्याकडून युरोपात गेली. इथे तिला ल्युनेव्हिल या गावाचे नाव चिकटले. सध्या आपल्याकडच्या लग्नांत आरीकामाच्या ब्लाउजांचा जो पूर आला आहे, तो याच टाक्याचा. आणि हे पाणी परतही फिरले आहे. दिओरच्या कपड्यांवरचे पुष्कळ भरतकाम मुंबईच्या कारखान्यात होते, आणि 30 मार्च 2023 रोजी या मंडळींनी आपले कपडे दाखवायला गेट वे ऑफ इंडियाच निवडले. कमानीत मुंबईच्या कारागिरांनी भरलेले भले मोठे तोरण होते. वर्तमानपत्रातले ते चित्र अक्काने कापून ठेवले आहे. मी तेव्हा त्या पानाच्या मागच्या बाजूचे शब्दकोडे अर्धे राहिले म्हणून कुरकुरलो होतो.

कामकरणींना इथे 'छोटे हात' म्हणतात. आणि त्यांचा एक सणही आहे: 25 नोव्हेंबर, संत कॅथरीनचा दिवस. पंचवीस वर्षांच्या झालेल्या आणि लग्न न झालेल्या मुलींना त्या दिवशी हिरव्या-पिवळ्या टोप्या घालतात. या कपड्यांच्या घरांत ही चाल अजून पाळतात. आम्ही खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहतो, तसेच काहीसे. मी हे वाचून दाखवले आणि मग जीभ चावली. अक्काचे लग्न माझे एम.ए. झाले त्या वर्षी झाले, तिसाव्या वर्षी.

"म्हणजे मला पाच वर्षं टोपी," असे म्हणून ती हसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाळ्या, तोंड पाडू नकोस. त्या कॉलेजातल्या भाषणात काय बोललास ते मला सुनबाईनं सांगितलंय. चूक बोललास. आता पुढच्या वेळी नीट बोल."

परतीच्या गाडीत मी काही नीट बोलायचा प्रयत्न केला. अक्का वहीत काहीतरी काढत होती. म्हणाली, "जरा हात सरळ कर," आणि फीत नव्हती म्हणून माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत वितीने मोजून पाहिले. कोणाची का होईना, बाही कुठे वळते ते तिला बघायचे होते.

परवा तिच्याकडे गेलो होतो. राखी कापड कपाटात घडीतच आहे. खिडकीपाशी खुंटीला साडीवर घालायच्या लांब कोटाचा नमुना टांगलेला होता, मांजरपाटाचा, निळ्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. हा तिसरा. उरेब बेतला आहे, पण डावी बाही अजून मनासारखी पडत नाही, म्हणते.